न कापलेली सोळा पानं

या सदरात येणारे भुताखेतांचे अनुभव मी दोन वर्षं न चुकता वाचले आहेत, आणि वाचून हसलोही आहे. हे आधीच सांगून टाकतो. आम्ही दोघे मित्र त्यांना चक्क मार्क द्यायचो. वळणावर लिफ्ट मागणारी बाई — दहापैकी तीन. बंद खोलीतला पावलांचा आवाज — चार. पाचच्या वर यासीनभाई कोणाला जाऊ द्यायचे नाहीत. म्हणायचे, "भाऊसाहेब, जिन असतीलही. पण पनवेलच्या ट्रॅफिकमधून वेळेवर पोचणारा जिन मी अजून ऐकला नाही."

आज मी माझा अनुभव लिहितोय. मार्क द्यायला ते नाहीत.

मी पनवेलमध्ये राहतो, वय एकोणपन्नास, सरकारी कचेरीत जमिनीच्या नोंदींच्या टेबलावर कारकून आहे. म्हणून यासीनभाई मला भाऊसाहेब म्हणायचे, अर्धं आदराने, अर्धं चिडवायला. आमची ओळख डायलिसिस सेंटरमध्ये झाली. एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर, पहिल्या मजल्यावर, सात बेडचं सेंटर. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी अकरा ते दुपारी तीन. मी बेड नंबर चार, ते पाच. पाच नंबरला खिडकी होती आणि हवा स्वच्छ असली की तिच्यातून कर्नाळ्याचा सुळका दिसायचा. यासीनभाईंना मात्र तो दिसत नव्हता. साखरेने त्यांचे डोळे नेले होते, किडन्या त्यानंतर गेल्या.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डायलिसिससाठी हातातली एक शीर नि एक धमनी ऑपरेशनने जोडतात. त्याला फिस्टुला म्हणतात. रक्त इतक्या जोरात वाहतं की मनगटावर बोट ठेवलं तर आत घरघर लागते, मांजर पोटाशी झोपल्यावर लागते तशी. ती थांबली की संपलं, धावत डॉक्टरकडे. त्यामुळे आम्ही पेशंट दिवसातून दहा वेळा आपलंच मनगट चाचपतो. यासीनभाईंनी त्याचा नमस्कार करून टाकला होता. मी आलो की ते हात पुढे करायचे, माझं डावं मनगट धरायचे आणि म्हणायचे, "चालू आहे." मग मी त्यांचं धरायचं. "तुमचंही चालू आहे." एवढं झाल्यावरच बाकी गप्पा.

वाचन कसं सुरू झालं तेही सांगतो. एक हात सुयांमध्ये अडकलेला, चार तास हलायचं नाही, पाणी घोटभर. मी उजव्या हातात पुस्तक धरून मनात वाचत असे. आठवडाभर पानं उलटल्याचा आवाज ऐकून यासीनभाई म्हणाले, "जनाब, एकट्याने जेवताय. शेजारी भुकेला माणूस बसलाय."

ते शाळा मराठीत शिकलेले. बावीस वर्षं कुवेतला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये होते. दर सुट्टीनंतर बॅगेत लोणच्याच्या बरणीभोवती मराठी कादंबऱ्या गुंडाळून न्यायचे. डोळे गेल्यावर जेवणातली साखर सुटल्याचं दुःख नाही झालं, पुस्तकाचं झालं, असं म्हणायचे. मी मोठ्याने वाचू लागलो. सुरुवातीला वैशाली सिस्टर वैतागल्या, मशीनचा अलार्म ऐकू येत नाही म्हणून. पुढे पुढे त्याच सुया लावताना विचारायच्या, "परवा त्या बाईचं काय झालं वो?"

आमचा एकच नियम होता. पुस्तक माझ्याकडे राहील, पण मी घरी पुढे वाचायचं नाही. "अमानत आहे, विश्वासाने सोपवलेली ठेव," ते म्हणायचे. मी तो नियम शेवटपर्यंत पाळला. फक्त नियमच पाळला... बाकी काही नाही. ते पुढे येईल.

शेवटचं पुस्तक मी स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून आणलं होतं. खाडीकाठच्या गावातली गोष्ट. एक नावाडी दुपारी होडी घेऊन जातो आणि परत येत नाही. होडी पलीकडच्या काठाला व्यवस्थित बांधलेली सापडते. माणूस नाही. मी म्हणत होतो, मेहुण्याने मारला. यासीनभाई ठाम होते की तो मेलेलाच नाही. यावर आमची महिनाभर भांडणं झाली.

पुस्तकाची एक गंमत होती. शेवटची सोळा पानं वरच्या कडेने एकमेकांना जुळलेली होती. जुन्या छपाईत असं व्हायचं. मोठा कागद घडी घालून शिवतात, नंतर कडा कापतात. हा शेवटचा भाग कापायचा राहून गेला होता. मी हे सांगितल्यावर यासीनभाईंनी पुस्तक हातात घेतलं, कडेवरून बोट फिरवलं आणि हसले. "म्हणजे इतक्या वर्षांत एकानेही शेवट वाचला नाही? भाऊसाहेब, पुस्तक फार वाईट असणार."

मी खिशातून पट्टी काढली. त्यांनी माझा हात धरला.

"थांबा. तिथवर पोचलो की मी कापीन. सिस्टरची कैची घेऊन. एवढं उद्घाटन माझ्या हातून होऊ दे."

आम्ही त्या सोळा पानांच्या अलीकडे पोचलो तो शुक्रवार होता. तीन वाजले. सुया निघाल्या. सोमवारी कापायचं ठरलं. रविवारी मला फोन आला की सगळे रिपोर्ट जुळले, दाखल व्हा. माझ्या थोरल्या बहिणीने मला किडनी दिली.

जाण्याआधी मी दहा मिनिटांसाठी सेंटरवर जाऊन आलो, वाचायला वेळ नव्हता. यासीनभाईंनी मनगट धरलं. "चालू आहे. आता याची गरज नाही, तरी चालू ठेवा." मी म्हटलं, सहा महिने गर्दीत जायला बंदी आहे. ते संपले की पहिल्या बुधवारी येतो, पुस्तक घेऊन. फोनवर वाचू का, असंही विचारलं. ते म्हणाले, मशीनच्या आवाजात फोन ऐकू येत नाही, आणि कापायचं कसं? "तुम्ही बरे होऊन या. नावाडी कुठे पळतोय."

सहा महिने झाले. नंतर आठ. नंतर अकरा.

मी कचेरीत जायला लागलो होतो, लग्नं जेवलो, एकदा शिरढोणला साडूंकडे दोन दिवस राहिलो. ग्लासभर पाणी एका दमात पिण्याचं सुख काय असतं ते तुम्हाला नाही कळणार. पण त्या सेंटरच्या जिन्याखालून जाताना मी रस्ता ओलांडायचो. वर गेलो तर परत चार नंबरवर झोपावं लागेल, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. तो स्पिरिटचा वास, वजनकाटा, अलार्म... भीती म्हणा. यासीनभाईंचे फोन यायचे. दर वेळी मी नवी तारीख द्यायचो. शेवटी त्यांनी फोन करणं थांबवलं. मला सुटल्यासारखं वाटलं, हे इथे लिहिताना हात जड होतोय, पण वाटलं होतं.

आता जे सांगतो ते मी बायकोलाही बरेच दिवस सांगितलं नव्हतं.

एका मंगळवारी, दुपारी चारच्या सुमारास, मी भाजी मार्केटमध्ये होतो. समोर यासीनभाई उभे. काळा चष्मा, पांढरी टोपी, आधीपेक्षा अर्धे झालेले. त्यांची मुलगी रुबिना चार पावलांवर टोमॅटो निवडत होती. मी त्यांच्या अगदी जवळून, हातभर अंतरावरून गेलो. बोललो नाही. त्यांना दिसत नाही ना, हाच विचार केला मी. त्यांच्या अधूपणाचा फायदा घेतला.

मी ओलांडून गेलो तोच मागून आवाज आला. मोठा नव्हता, विचारल्यासारखा.

"भाऊसाहेब?"

मी थांबलो नाही. पाय उचलून, चपलांचा आवाज न करता पुढे गेलो.

घरी आल्यावर कपाट उघडलं. औषधांच्या फायलींखाली ते पुस्तक होतं. मी ते काढून बघितलं. शेवटची पानं जुळलेलीच होती, वरून बोट फिरवलं तेव्हा घडीची जाड कड बोटाला लागली. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे याच्यावर सगळं आहे. पुस्तक परत ठेवलं. कपाटाला कुलूप लावलं. औषधांमुळे आम्ही लावतोच. किल्ली माझ्या जानव्याला असते, बायको त्यावरून हसते.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी एका सुनावणीच्या कागदपत्रांसाठी साहेबांबरोबर अलिबागला गेलो. सकाळी आठला निघालो, संध्याकाळी सातला परतलो. जेवायला चौघे एकत्र होतो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी रुबिना कचेरीत माझ्या टेबलासमोर आली. हातात फाइल. वारस नोंदीचा अर्ज होता. अर्जदाराचं नाव वाचून झाल्यावर मयताचं नाव वाचलं, आणि ते दोनदा वाचावं लागलं.

यासीनभाई शुक्रवारी सकाळी गेले होते. मार्केटमधल्या त्या मंगळवारनंतरच्या शुक्रवारी.

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "काका, तुमचे आभार मानायचे राहिलेत. तुम्ही त्या बुधवारी येऊन अब्बांचं पुस्तक पूर्ण केलंत. त्या रात्री ते पोटभर जेवले."

मी अर्ज टेबलावर ठेवला. कोणत्या बुधवारी, असं विचारलं. शेवटच्याच, ती म्हणाली. ती शाळेत शिकवते, दुपारी सेंटरवर नव्हती. संध्याकाळी अब्बांनी तिला सगळा शेवट सांगितला होता. नावाडी मेला नव्हता. पलीकडच्याच काठावर, मिठागराच्या झोपडीत राहत होता. त्याच्या हातून एक चूक झाली होती आणि घरी तोंड दाखवायची लाज वाटत होती. बायको रोज काठावर येऊन उभी राहायची, ती त्याला दिसायची. शेवटी तो येतो. ती त्याला काही विचारत नाही. एवढंच म्हणते, आधी पाय धू, मग बोलू.

"अब्बा म्हणाले, मी जिंकलो, भाऊसाहेब हरले."

वाचकहो, मी त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "हो... खूश झाले होते खरे."

तिने मान हलवली, थोडा वेळ थांबली. मला वाटलं काहीतरी विचारेल. पण ती अर्ज देऊन निघून गेली.

मी हाफ डे टाकला आणि सेंटरवर गेलो. अकरा महिन्यांनी तो जिना चढलो. वैशाली सिस्टर दारातच भेटल्या. मी अडखळत विचारलं, त्या बुधवारी यासीनभाईंकडे कोण आलं होतं?

"कोण म्हंजे? तुमीच." त्यांना थट्टा वाटली. "चपला घालून आत आलात, मी वरडले नाय का तुमाला? मास्क व्हता तरी आवाज कलत नाय काय?"

मी म्हटलं, सिस्टर, मी अलिबागला होतो.

त्यांचं हसू कमी झालं. "भाऊसाहेब, कैची माझ्या हातून घेतलीत तुमी. यासीनभाईंनी सोताच्या हातानं कापलं एकेक पान. आमी दोघी सिस्टर बघत उभ्या. अर्धा तास लागला त्यांना, तुमी नुसतं पुस्तक धरून बसलेलात. मी काय खोटं बोलतंय?"

कॅमेरा आहे, पण आठवड्यापलीकडचं त्यात राहत नाही. भेटायला येणाऱ्यांच्या वहीत सही नव्हती. ओळखीचा माणूस म्हणून कोणी मागितली नव्हती. मी पाच नंबरकडे बघितलं. तिथे एक म्हातारी झोपली होती. एकच विचार डोक्यात होता — घरी जायचं नाही. कपाट उघडायचं नाही.

तरी गेलो. दुपारचे अडीच वाजले असतील. बायको स्वयंपाकघरात डबे पुसत होती. मी कपाटाचं कुलूप काढलं, फायली बाजूला केल्या. पुस्तक मी ठेवलं होतं तिथेच होतं, त्याच बाजूने. उचललं. वरच्या कडेवरून बोट फिरवलं.

कड मऊ लागली. कुरतडल्यासारखी.

सोळाच्या सोळा पानं कापलेली होती. पट्टीने किंवा सुरीने नाही... कैचीने, लहान लहान घास घेत, वाकडीतिकडी. काही ठिकाणी कैची आत शिरून कागदाचा टवका उडाला होता, मग पुन्हा बाहेर आली होती. ज्याला दिसत नाही अशा माणसाने कापल्यासारखी. मी तसाच खाली फरशीवर बसलो आणि ती पानं वाचली. शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीत नावाड्याची बायको म्हणते, आधी पाय धू, मग बोलू.

बायकोला हाक मारली. ती बुधवारी दिवसभर घरी होती, कोणी आलेलं नव्हतं. तिने पुस्तक बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "गोळ्यांमुळे तुम्हाला आठवत नसेल." मलाही तेच हवं होतं. दुसऱ्या दिवशी कचेरीत त्या दिवसाची लॉगबुकची नोंद काढली, अलिबागच्या कागदावर माझी दुपारची सही बघितली, ड्रायव्हरलाही आडून विचारलं. तो म्हणाला, भाऊसाहेब, तुम्ही गाडीत माझ्या शेजारीच झोपला होतात की.

पंधरा दिवस मी नीट जेवलो नाही. किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन थोडं वाढलेलं निघालं, डॉक्टरांनी झापलं, बहिणीने फोनवर रडून घेतलं. तिची किडनी पोटात घेऊन मी असा वागतोय, हे मला कळत होतं. पण भीती त्या पानांची उरली नव्हती. रुबिनाने मानलेले आभार मी घेऊन बसलो होतो, ते पचत नव्हते. मी न केलेल्या गोष्टीचे. तेही एका मेलेल्या माणसाच्या वतीने.

शेवटी एका रविवारी सकाळी तिच्या घरी गेलो. पुस्तक बरोबर नेलं. तिने चहा ठेवला. मी उभ्याउभ्याच सांगितलं, बसलो असतो तर पुन्हा टाळलं असतं. म्हटलं, रुबिना, बुधवारी मी आलो नव्हतो. आणि आदल्या दिवशी मार्केटमध्ये तुझ्या अब्बांनी हाक मारली, ती ऐकून मी पुढे निघून गेलो होतो.

तिने गॅस बारीक केला. तिला धक्का बसलेला दिसला नाही.

"मला माहीत आहे, काका," ती म्हणाली. "अब्बांनी सांगून ठेवलं होतं. भाऊसाहेब भेटले तर आभार मान. ते गप्प राहिले तर तूही गप्प राहा. त्यांनी आपणहून सांगितलं, तरच बाकीचं सांग."

मी खुर्चीत बसलो.

तिने सांगितलं ते असं. मार्केटमधून घरी जाताना यासीनभाई रिक्षात म्हणाले होते, भाऊसाहेब उद्या येणार आहेत. ती म्हणाली, मी तर कोणाला बघितलं नाही, तुमच्याशी बोलले का ते? त्यावर ते म्हणाले, पावलं पुढे निघून गेली होती... पण आवाज माझ्या कानाशीच होता. 'बुधवारी येतो' म्हणाला.

आणि बुधवारी संध्याकाळी, सगळा शेवट सांगून झाल्यावर, ते म्हणाले होते, "बेटा, मी त्याचं मनगट धरलं होतं. घरघर नव्हती."

"मी विचारलं, म्हणजे?" रुबिना म्हणाली. "तर म्हणाले, आवाज भाऊसाहेबांचा, वाचायची ढब त्यांची. हात मात्र बंद होता. मी घाबरले. मी म्हटलं, अब्बा, मग तुम्ही ओरडला का नाहीत, सिस्टरला का नाही सांगितलं?"

"काय म्हणाले?"

ती पहिल्यांदा थोडी हसली, आणि डोळे पुसले.

"म्हणाले, ओरडलो असतो तर त्याने वाचायचं थांबवलं असतं. सोळाच पानं उरली होती."

चहा गार झाला. निघताना मी पुस्तक तिला देऊ लागलो. तिने घेतलं नाही, कापलेल्या कडेवरून एकदा बोट फिरवलं आणि परत माझ्या हातात दिलं. "ठेवा, काका. अमानत आहे."

त्याला आता पाच महिने झाले. डॉक्टर असलेल्या एका मित्राला विचारलं. त्याने औषधांचे परिणाम सांगितले, त्यातला एकही वैशाली सिस्टरना लागू होत नाही. सेंटरमध्ये कोणी दुसरा माणूस आला असेल, तर त्याने माझ्या कुलूपबंद कपाटातलं पुस्तक नेलं कसं आणि परत ठेवलं कसं? आणि तो मी नव्हतो, तर यासीनभाईंना दिलेला माझा शब्द त्याला कोणी सांगितला? कोणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा. नसेल तर मार्क द्या, ते ठरवून पाचच्या खाली द्या, त्यांना तेच आवडलं असतं.

माझा फिस्टुला डॉक्टरांनी अजून बंद केलेला नाही. काही त्रास नाही तर राहू दे म्हणाले. हे लिहिताना मधेमधे उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेवतोय, सवयच आहे. आत्ताही ठेवली.

चालू आहे.